फडणीस म्हटले की नाना?

पुण्यात एखाद्या फडणिसांशी ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘नानांच्या घराण्यातले का?’ विचारणारा कौतुकानेच विचारतो, पण प्रश्नाचा पायाच कच्चा आहे. पेशवाईतल्या नाना फडणिसांचे आडनाव भानू. बाळाजी जनार्दन भानू. त्यांना औरस वारस उरला नाही. १८०० साली ते वारल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाईंनी दत्तक घेतला. नानांच्या बेलबागेसमोरून जाताना प्रत्येक फडणिसाच्या चेहऱ्यात नाना शोधणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

फडणीस हे पद होते, कूळ नव्हे. दिवाण, मुजुमदार, सबनीस, चिटणीस, पोतनीस यांच्याबरोबर फडणीस दरखदारांत, म्हणजे वंशपरंपरागत अधिकाऱ्यांत मोडे. होळकरांचा फडणीस निराळा, नागपूरकर भोसल्यांचा निराळा. हक्क वंशपरंपरेने चाले, म्हणून खुर्चीचे नाव घराला चिकटले. एकमेकांशी सोयरसुतक नसलेल्या घरांना.

दुसरा गैरसमज जरा विद्वत्तेचा, शब्दाबद्दलचा आहे. फडणीस म्हणजे मुळात ‘फर्दनवीस’, फर्द लिहिणारा; हे काहींना पटत नाही. फडावर बसून लिहितो तो फडणीस, ‘फर्द’ कशाला मधे आणता, असे म्हणतात. ऐकायला ठाकठीक वाटते. पण बाकीचे नवीस पाहा: चिटणिसाकडे चिठ्ठी, जमेनिसाकडे जमा, वाकनिसाकडे वाकिया, म्हणजे वृत्तान्त. बसण्याची जागा यांतला कोणी सांगत नाही, कामाचा कागद सांगतात. पारसनीस तेवढा भाषा सांगतो, तीही लिहिण्याचीच. मग फडणिसानेच जागा का सांगावी? फर्द म्हणजे हिशेबाचा बंद, यादी; तेच त्याचे काम. ‘र्द’चा ‘ड’ कसा झाला म्हणाल, तर गर्दभाचा गाढव करणाऱ्या मराठीला ते अवघड नव्हते. त्यातून फड हा शब्द घरातलाच, त्याच्या ओढीने उच्चार तिकडे कलला असेल. एवढे श्रेय फडवाल्यांना खुशाल द्यावे. पुढचा ‘ण’ही मराठीचीच करामत: ट-ड मागे असले की चिटणीस, फडणीस, नसले की पोतनीस, सबनीस.

मात्र फर्दच्या बाजूने बोलणारे उत्साहाच्या भरात ग्रँट डफला साक्षीला बोलावतात, कारण १८२६च्या इतिहासात त्याने नानांचे पद ‘फर्नुवीस’ असे रकार घालून लिहिले. हा साक्षीदार उभा करू नये. त्याच ग्रंथात त्याने ‘ड’चा ‘र’ करून घोरपड्यांचेही ‘घोरेपुरे’ करून टाकले आहे.