टक्का कशाचा?

इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील घातक द्रव्यांवर मर्यादा घालणारा नियम वाचायला सोपा आणि लावायला अवघड आहे. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांतील नियम 16 नुसार शिसे, पारा, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांचे दोन गट 0.1 टक्क्याच्या आत हवेत, कॅडमियम 0.01 टक्क्याच्या. हे बंधन उपकरणाइतकेच सुट्या भागांनाही आहे. भिलाईसारख्या कारखान्यांच्या गावात खरेदी विभागांचे घोडे अडते ते टक्का नेमका कशाचा धरायचा, इथे.

उत्तर नियमातच आहे: एकजिनसी पदार्थाचा. एक ग्रॅम वजनाच्या पितळी पिनेवर दहा मिलिग्रॅम कथलाचा मुलामा असला आणि त्यात पाच टक्के शिसे असले, तर त्या शिशाचा हिशेब पिनेच्या वजनात 0.05 टक्केच भरतो. पुरवठादार बिनघोर प्रमाणपत्र देतो. मुलाम्यातले शिसे मात्र मर्यादेच्या पन्नासपट निघते, आणि तपास मुलाम्याचाच व्हायचा असतो. गंमत म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूत चार टक्क्यांपर्यंत शिशाला सवलत आहे. तेव्हा पितळ पास आणि वरचा मुलामा नापास, असा निकालही लागू शकतो.

क्रोमियमची गफलत पोलादनगरीला तरी चटकन उमगायला हवी. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतेच, पण धातुरूपात. मर्यादा हेक्झाव्हॅलंट रूपावर आहे; ते जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रूंवरच्या पिवळसर थरात आढळू शकते. क्ष-किरणांचे हातयंत्र एकूण क्रोमियम सांगते, त्याचे रूप सांगत नाही. केवळ त्या आकड्यावर स्टेनलेस स्टीलचा माल परत पाठवणे हे अज्ञान, आणि पिवळा स्क्रू रासायनिक चाचणीविना घेणे हा निष्काळजीपणा.

नियमांची कक्षाही नीट पाहावी लागते. जागेवर बसवलेली अजस्र औद्योगिक यंत्रे यादीबाहेर आहेत. हातातले ड्रिल आणि कंट्रोल रूममधला संगणक यादीत आहेत. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत, पण त्यांचा भाग ज्या मोठ्या उत्पादकाच्या उपकरणात बसतो, त्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. युरोपला माल पाठवणाऱ्यांना तर 22 जुलै 2019 पासून चार थॅलेट्सचाही हिशेब द्यावा लागतो.

सर्वांत सोयीस्कर वाचन होते ते जुन्या उपकरणांच्या सवलतीचे. 1 मे 2014 पूर्वी बाजारात आलेल्या उपकरणांच्या सुट्या भागांना सूट मिळू शकते, एवढेच वाक्य उचलले जाते. नियमाचा पुढचा अर्धा भाग अट घालतो: मर्यादा पाळणारा भाग उपलब्ध नसला तरच. नसल्याचा पुरावा कोणता, हे मात्र नियम सांगत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ते लेखी स्पष्ट केले पाहिजे. तोवर पुरवठादारांकडे केलेली विचारणा आणि त्यांचे लेखी नकार खरेदीदाराने फायलीत जपून ठेवावेत.