रानाची खेप



खेप म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उसाची ट्रॉली येते, नाही तर कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक येतो. आज ज्या मालवाहू जहाजाची हकिगत सांगणार आहे त्याच्यावर उभे रान लादलेले होते. झाडे, वेली, ससे, बेडूक, कासवे, सगळे जिथल्या तिथे. आणि हे जहाज समुद्रात नव्हते, शनी ग्रहाच्या आसपास अंतराळात फिरत होते.

घाबरू नका, आमच्या खात्याने अशी नवी योजना काढलेली नाही. हे जहाज एका अमेरिकन चित्रपटातले आहे. चित्रपटाचे नाव 'सायलेंट रनिंग', तो १९७२ साली आला. जहाजाचे नाव 'व्हॅली फोर्ज'. माझ्या पुतण्याने "काका, हा तुमच्या खात्याचा सिनेमा आहे" म्हणून तो मला दाखवला, आणि तेव्हापासून ते जहाज काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

गोष्ट अशी. पृथ्वीवर आता झाड म्हणून उरलेले नाही. सगळीकडे हवामान एकसारखे, चोवीस अंशांचे करून टाकले आहे. रोगराई नाही, प्रत्येकाच्या हाताला काम आहे, जेवण कारखान्यातून तयार होऊन येते. शेवटची उरलेली राने मोठमोठ्या पारदर्शक घुमटांत घालून, ते घुमट मालवाहू यानांना जोडून दूर नेऊन ठेवली आहेत. व्हॅली फोर्जला असे सहा घुमट आहेत. यानाच्या अंगावर 'अमेरिकन एअरलाइन्स' या खऱ्याखुऱ्या विमान कंपनीचे नाव रंगवलेले आहे. म्हणजे रान कोणाचेही असो, गाडी कंपनीची.

यानावर चार माणसे. त्यातला एक फ्रीमन लॉवेल हा वनस्पतीशास्त्रज्ञ. ब्रूस डर्न नावाच्या नटाने ते काम केले आहे. बाकीचे तिघे कधी एकदा घरी जातो अशा घाईत. लॉवेल जेवणाच्या टेबलावर स्वतः पिकवलेले खरबूज कापून खातो, तर त्यांना त्याचा वासही नकोसा होतो. लहान गाड्यांच्या शर्यती लावून ते त्याच्या वाफ्यांतून चाके घालतात. वाफ्यातून दुसऱ्याची गाडी गेली म्हणजे काय होते ते तुम्हांला सांगायला नको.

मग एके दिवशी हुकूम येतो. लॉवेलला वाटते, राने परत पृथ्वीवर लावायला बोलावणे आले. पण हुकूम वेगळाच असतो. घुमट सोडून द्या, अणुस्फोटाने उडवा आणि याने घेऊन परत या. का? तर याने पुन्हा धंद्याच्या वाहतुकीला लावायची आहेत. रानावर कोणाचा राग नसतो, वैर नसते. फक्त गाडी दुसऱ्या मालासाठी हवी असते.

पुढे लॉवेल आपले रान वाचवण्यासाठी एका सोबत्याला हाणामारीत मारतो आणि उरलेल्या दोघांना घुमटात अडकवून घुमटासकट उडवतो. झाडांसाठी माणसे मारणे मला पटलेले नाही आणि पटणारही नाही. चित्रपट काढणाऱ्यालाही ते पूर्ण पटले नसावे, कारण पुढे तो माणूस एकटेपणाने खंगत जातो. पण हुकमाचे ते कारण मला अगदी ओळखीचे वाटले. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी जहाज कसे बांधले ते पाहू. गंमत त्यातच जास्त आहे.

दिग्दर्शक डग्लस ट्रंबल त्या वेळी तिशीच्या आतला होता. १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या गाजलेल्या चित्रपटात अंतराळाची दृश्ये तयार करण्याचे काम त्याने केले होते. त्या चित्रपटात शनी दाखवायचे घाटत होते, पण त्याची कडी पडद्यावर नीट जमेनात म्हणून गुरूवर भागवले गेले. ट्रंबलच्या मनात ती कडी राहिली होती. म्हणून त्याचे जहाज शनीजवळ.

पैसा मात्र बेताचा. १९६९ साली 'ईझी रायडर' हा थोड्या खर्चातला चित्रपट तुफान चालला, तेव्हा युनिव्हर्सल कंपनीने काही तरुण मंडळींना चित्रपटामागे सुमारे दहा लाख डॉलर देऊन मोकळीक दिली. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण '२००१'ला एक कोटी डॉलरच्या वर लागले होते. एवढ्यात अवकाशयान उभे करायचे म्हणजे पाच एकरांच्या बागायतीच्या खर्चात पन्नास एकर पिकवण्यासारखे.

त्याने काय करावे? यानाच्या आतले बोळ, मालाची कोठारे, नियंत्रण खोल्या हे सगळे नव्याने बांधायच्या भानगडीत तो पडला नाही. कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे अमेरिकन नौदलाचे एक जुने विमानवाहू जहाज भंगाराची वाट पाहत उभे होते. फिलाडेल्फियाच्या गोदीत बांधलेले हे जहाज १९४६ साली कामावर रुजू झाले, १९५० साली कोरियाच्या युद्धात त्याच्यावरून विमाने उडाली, आणि जानेवारी १९७० मध्ये ते निवृत्त झाले. ट्रंबलने त्याच्या पोटात चित्रीकरण उरकले. त्याचे नाव होते 'व्हॅली फोर्ज'. तेच नाव त्याने आपल्या यानाला ठेवले. (हे मुळात पेनसिल्व्हेनियातल्या एका जागेचे नाव. १७७७-७८ च्या हिवाळ्यात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याने तिथे फार हाल काढले.) ऑक्टोबर १९७१ मध्ये जहाज भंगारात विकले गेले. चित्रपट लोकांनी पाहिला तो पुढच्या मार्चपासून.

बाहेरून दिसणारे यान म्हणजे सुमारे पंचवीस-सव्वीस फूट लांबीची प्रतिकृती. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उभी केली तर जेवढी जागा लागेल, साधारण तेवढी. ती बांधायला कॉलेजात शिकणारी मुले घेतली. भाग जोडून रणगाडे तयार करायचे प्लास्टिकचे संच खेळण्यांच्या दुकानात मिळतात ना, तसे शेकडो संच आणून, त्यांतले बारीकसारीक भाग यानाच्या अंगावर चिकटवले. त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांचे भाग पुष्कळ होते. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, केवढी ही यंत्रसामग्री! जुन्या मोटारीचे धुरे आणि चाके वापरून टायरगाडी बनवणारा कारागीर आपल्या बाजारगावात असतो. त्याने हे काम पाहिले असते तर खूश झाला असता.

रान मात्र खोटे नव्हते. विमाने ठेवायच्या एका नव्या हँगरमध्ये झाडे आणून लावली आणि तिथे ती दृश्ये घेतली. घुमटांचा घाट पाहून मला सेंट लुईस शहरातल्या मिसुरी वनस्पती उद्यानाच्या 'क्लायमॅट्रॉन' या हरितगृहाची आठवण झाली. ते १९६० साली उघडले. मध्ये एकही खांब नाही, व्यास १७५ फूट, उंची ७० फूट. आपल्या हिशेबाने बावीस गुंठे जागा एका छपराखाली. पॉलिहाऊस बांधलेल्या मंडळींना त्याचे मोल कळेल.

यानावर रानाची निगा राखायला तीन बुटके यंत्रमानव आहेत. लॉवेल त्यांना डोनाल्ड बदकाच्या तीन भाच्यांची नावे देतो: ह्यूई, ड्यूई आणि लुई. रोप कसे लावायचे, पाणी कसे घालायचे हे तो त्यांना शिकवतो. त्या पत्र्याच्या पेट्यांच्या आत खरी माणसे होती. दोन्ही पाय नसलेल्या चार कलावंतांनी हातांवर चालून ती कामे केली. चित्रपट पाहताना हे ध्यानात येत नाही. कळल्यावर मी पुन्हा एकदा मुद्दाम पाहिला.

आता त्या हुकमाविषयी. एका तालुक्यात काम करत असताना आम्ही वस्त्यांवर फिरून जुन्या वाणांचे नमुने गोळा केले होते. दगडी ज्वारी होती, गावठी हुलगा होता, बायकांनी राख लावून मडक्यात जपलेला वाल होता. पिशव्यांवर नावगाव लिहून एका कार्यालयाच्या खोलीत रचून ठेवले. दोन वर्षांनी ती खोली दुसऱ्या सामानासाठी लागली. पिशव्या आधी व्हरांड्यात आल्या, मग पावसात भिजल्या, मग सोंडे लागले. कोणी दुष्टपणा केला नाही. खोली हवी होती, एवढेच. त्यातली दगडी ज्वारी पुढे परत मिळाली ती एका म्हातारीच्या घरातून, कारण ती दर रब्बीला घरच्या भाकरीपुरती दोन तासे तीच पेरत होती. तुमच्या घरात असे काही असेल तर नमुना जरूर द्या, पण सगळे देऊ नका. मूठभर मागे ठेवा आणि पेरत राहा.

एका गोष्टीवरून मात्र मी लॉवेलशी भांडणार आहे. पुढे त्याचे रान सुकायला लागते. पाने गळतात. हा गृहस्थ मातीकडे बघतो, पाने हातात घेतो, कोड्यात पडतो. फार उशिरा त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो की झाडांना ऊन मिळत नाही! मग तो घाईघाईने दिवे लावतो. अहो, शनी सूर्यापासून पृथ्वीच्या साडेनऊ पट लांब. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, तिप्पट झाले की नववा हिस्सा. साडेनऊ पटीला तो नव्वदाव्या हिश्शावर येतो. पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली मिरची लांबडी होते ते आपण पाहतो, इथे नव्वदातला एकच भाग. पान दिवसा कमावते आणि रात्रंदिवस खर्च करते. कमाई खर्चाच्या खाली गेली की झाड आधी आपली खालची पाने विकून खाते. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते.

खऱ्या अंतराळात उजेडाची काळजी पहिल्यापासून घेतात. ऑगस्ट २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या अंतराळवीरांनी दिव्याखाली तिथेच वाढवलेले लाल लेट्यूस खाल्ले. आपल्या इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्यावर एक छोटी पेटी पाठवली होती. तिच्यात आठ बिया होत्या, चवळीच्या! चार दिवसांत त्या उगवल्या, पुढे पानेही फुटली.

व्हॅली फोर्जचा शेवट सांगायचा राहिला. शोधायला आलेले दुसरे यान जवळ येते तेव्हा लॉवेल शेवटचा घुमट ड्यूईच्या ताब्यात देऊन अंतराळात सोडतो आणि आपण यानासकट स्फोटात संपतो. दिव्यांच्या उजेडात तो यंत्रमानव पोचे पडलेल्या झारीने झाडांना पाणी घालत राहतो. प्रतिकृतीचे पुढे भाग सुटे केले गेले. मात्र तिची घेतलेली दृश्ये १९७८ साली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या दूरदर्शन मालिकेत पुन्हा वापरली. तिथे त्याच यानाला, लोकांसाठी अन्न पिकवणारे शेतीचे जहाज म्हणून दाखवले आहे.

मुलांना करून पाहायचे असेल तर दोन डब्यांत सारखी माती घाला, प्रत्येकी चार चवळ्या टोचा. एक डबा उन्हात ठेवा, दुसऱ्यावर टोपले पालथे घालून वर पोते टाका. पाणी दोघांना सारखे. दहा दिवसांनी टोपले उचला आणि दोन्ही रोपांची उंची आणि रंग वहीत लिहून मला कळवा.