धक्क्यालगतचा गाळ व त्यामुळे तापणारी नौकांची इंजिने यांबाबत निवेदन

प्रति,
मा. बंदर अधिकारी महोदय यांचे सेवेशी,

विषय : धक्क्यालगतच्या गोदीतील गाळ उपसणे, आणि त्या गाळामुळे इंजिनांची होणारी हानी ‘देखभालीचा अभाव’ या शेऱ्याखाली न दडपणे.

महोदय,

या बंदरातील यांत्रिक नौकांचे मालक, तांडेल आणि इंजिनावर बसणारे ड्रायव्हर अशा आम्हां सर्वांच्या वतीने हे निवेदन आपल्या सेवेशी सविनय सादर करीत आहोत. याच विषयावरील आमचे पूर्वीचे अर्ज आपल्या दप्तरी असतीलच. त्यांच्या पोचपावत्या आमच्यापाशी जपून ठेवलेल्या आहेत. उत्तर म्हणून मात्र आजवर आमच्या पदरी जे काही पडले, तो केवळ एक शेरा आहे. गतसालच्या पाहणीनंतर आमच्या अर्जाच्या समासात ‘इंजिने तापण्याचे कारण मालकांकडून देखभालीचा अभाव’ एवढे शब्द लिहून प्रकरण निकाली काढण्यात आले. बंदराची खोली राखण्याचे काम कोणाचे, हे आपण आमच्यापेक्षा अधिक जाणता. तेव्हा नियमांचा पाढा येथे वाचत नाही. त्या शेऱ्याचा परामर्श मात्र सविस्तर घेणे प्राप्त आहे, कारण उद्या नुकसानभरपाईची गोष्ट निघाली की हाच कागद आमच्यापुढे धरला जाईल.

आमच्या नौकांतील इंजिने दोन पाण्यांवर थंड होतात, हे येथे नमूद करण्याची आवश्यकता पाहणीस आलेल्या साहेबांनी विचारलेल्या प्रश्नांवरूनच भासली. पहिले पाणी गोडे; ते इंजिनाच्या अंगात, सिलिंडरांभोवती आणि हेडमध्ये बंदिस्तपणे फिरत राहते आणि प्रवास चालू असता ऐंशी अंशांच्या आसपास राहते. दुसरे खारे, ते नौकेच्या तळाशी असलेल्या झडपेतून आत येते, गाळणीतून पंपात जाते, पंपातील रबरी पात्यांचा पंखा ते कूलरच्या बारीक नळ्यांतून ढकलतो, आणि तेथे गोड्या पाण्याची उष्णता उचलून ते बाहेर पडते. समुद्राचे पाणी थेट इंजिनात खेळवीत नाहीत याचे कारणही स्पष्ट आहे: साठ अंशांच्या वर त्यातील क्षार धातूला धरू लागतात. ही सारी रचना एका गृहीतावर उभी आहे, ते म्हणजे तळाच्या झडपेशी पाणी असेल. आपल्या गोदीत ओहोटीच्या वेळी त्या झडपेशी पाणी नसते; चिखल असतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खोल जाते, तेव्हा धक्क्याला बांधलेल्या नौका सरळ गाळात बसतात. बर्फ भरून, जाळी चढवून पहाटे निघायचे तर पाणी किंचित चढू लागताच इंजीन सुरू करावे लागते, आणि तेवढ्या अवधीत पंप जे ओढतो त्यात पाणी किती आणि मृत्तिका किती हे ज्याला पाहायचे असेल त्याने एकदा गाळणीचे झाकण उघडताना आमच्या ड्रायव्हरांशेजारी उभे राहावे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत तिच्यात दोन थर स्पष्ट दिसतात: खाली खाडीचा काळा, वास मारणारा चिखल, आणि वर डोंगरांवरून नदीने वाहून आणलेली जांभ्याची तांबडी माती. त्यांत मासळीचे खवले, जाळ्याचे नायलॉनचे धागे आणि बाजाराच्या गटारातून थेट गोदीत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या मिसळलेल्या असतात. गाळणी धुता येते. तिच्या छिद्रांतून पार होणारी बारीक वाळू मात्र पुढे जाते, आणि खरा अनर्थ तेथून सुरू होतो. रबरी पंख्याला वंगण म्हणून पाणीच लागते. गाळणी तुंबून पाणी तुटले की तो काही क्षणांत कोरडा होऊन करपतो आणि त्याची पाती मुळाशी तुटतात. पाणी न तुटताही वाळू पंपाच्या पितळी झाकणावर वर्तुळाकार चरे पाडते, आणि झाकण व पंखा यांमधील फट एकदा वाढली की नवा पंखा घालूनही पंप पूर्वीसारखा ओढत नाही. दांड्याच्या सीलात वाळू शिरली की पंपाखालच्या छिद्रातून पाणी ठिबकू लागते. ते दुर्लक्षिले तर समुद्राचे पाणी तेलापर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही. तुटलेल्या पात्याचे तुकडे प्रवाहाबरोबर पुढे जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकतात, म्हणून आमचा कोणताही जाणता ड्रायव्हर नवा पंखा बसवून हात धूत नाही. तुकडे जुळवून पाती पूर्ण होईपर्यंत तो पाइप उघडत राहतो. देखभालीचा अभाव तो हाच काय?

कूलर उघडला की जे दिसते ते आम्ही आपल्या कार्यालयात आणून दाखविलेले आहे. पेन्सिलीच्या जाडीच्या त्या नळ्यांपैकी खालच्या ओळींत उष्णतेने वाळून कच्च्या विटेसारखा टणक झालेला गाळ होता, आणि तो लाकडी काडीने कोरून काढताना टेबलावर पडलेली पूड पाहून आपल्याच एका कर्मचाऱ्याने कागद मळेल म्हणून रजिस्टर बाजूला घेतले होते. तो कूलर परत नेण्यास आम्हांस सांगण्यात आले. त्याची नोंद करून घेण्यात आली नाही.

आता देखभालीविषयी. इंजीन तापते म्हटले की त्याची कारणे अनेक संभवतात, आणि त्यांपैकी एकही आम्ही तपासल्यावाचून सोडलेले नाही. पट्टा सैल आहे काय, हे पाहणे तर पोराचे काम. थर्मोस्टॅट अडकला असेल या आपल्या कार्यालयाच्या तर्कास मान देऊन आम्ही तो काढून, दोरीला टांगून, पाण्याच्या पातेल्यात तापमापकासह तापविला. त्यावर कोरलेल्या अंशाला तो उघडू लागला आणि पुढे पूर्ण उघडला. हेडचे गॅस्केट गेले असते तर टाकीच्या पाण्यात बुडबुडे उठले असते, किंवा तेलाला दुधी रंग आला असता; दोहोंपैकी काहीही आढळले नाही. टाकीच्या दाबाच्या झाकणांची रबरे शाबूत आहेत. कूलरमधील जस्ताच्या कांड्या निम्म्या झिजल्या की बदलल्या जातात. सर्वांत बोलका पुरावा असा की, ज्याची थंड करण्याची शक्तीच उणी पडली आहे असे इंजीन भर समुद्रात, पूर्ण वेगात, जाळे ओढताना प्रथम तापावयास हवे, कारण उष्णता तेव्हा सर्वाधिक निर्माण होते. आमच्या नौकांचा काटा गाळणी धुवून, कूलर कोरून, खोल पाण्यात दिवसभर राबविल्यावरही स्थिर राहतो, आणि त्याच नौकेचा काटा परत येऊन गोदीत शिरताना, म्हणजे जवळजवळ काहीच भार नसताना, चढू लागतो. शेजारच्या बंदरात खोल पाण्यात बांधल्या जाणाऱ्या, त्याच बनावटीच्या आणि त्याच कारागिरांच्या हातून गेलेल्या इंजिनांना ही व्याधी नाही. दोष इंजिनात असता तर तो इंजिनाबरोबर सर्वत्र गेला असता. तो गोदीत आहे, आणि गोदी आपली आहे.

आपल्या कार्यालयाकडून वेळोवेळी काही उपायही सुचविण्यात आले. त्यांचा आदर राखून सांगतो. पाणी ओढण्याचे छिद्र तळातून काढून बाजूला वर घ्यावे, असे एकदा सुचविले गेले. काही मालकांनी पदरमोड करून तेही केले. नौका डोलू लागताच छिद्र पाण्याबाहेर येऊन पंप हवा ओढू लागला, आणि जे संकट गोदीत येत असे ते भर दर्यात आले. दुसऱ्यांदा असे सांगण्यात आले की खारे पाणी आत घेण्याची पद्धतच सोडावी आणि तळाखाली नळ्या बसवून गोडे पाणी त्यांतूनच थंड करावे. ही पद्धत खोल पाण्यात उत्तम आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्या नौकेला दर उधाणाला गाळात बसावे लागते तिच्या तळाखालच्या नळ्याही गाळातच बसणार. चिखलात रुतलेल्या नळीभोवती पाणी खेळत नाही, तेव्हा उष्णता जाणार कोठे? शिवाय तळ घासला की प्रथम त्या नळ्याच चेपणार. ‘भरती येईपर्यंत थांबावे’ हा सल्ला तर आम्हांस वारंवार मिळतो. बर्फ भरतीची वाट पाहत नाही, आणि पहाटेचा लिलावही पाहत नाही.

गेल्या हंगामात एका नौकेचे काय झाले ते आपणांस त्याच दिवशी तोंडी व दुसऱ्या दिवशी लेखी कळविले होते. अमावास्येच्या अलीकडच्या पहाटे ती निघाली, गोदीत गाळणीने निम्मे पाणी अडविले, आणि खाडीच्या मुखाशी, जेथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि जेथे इंजिनाला पूर्ण जोर द्यावाच लागतो, तेथे काटा शंभराकडे गेला. अशा वेळी इंजीन बंद केले तर नौका खडकांकडे वाहते आणि चालू ठेवले तर पिस्टन धरतात. तांडेलाने मंद गतीवर जेवढे पुढे जाता येईल तेवढे जाऊन नांगर टाकला. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतले की हेड तडकते, टाकीचे झाकण उघडले की वाफेने हात-तोंड भाजते, हे ठाऊक असल्याने ड्रायव्हर नुसता बसून राहिला आणि खलाशी नांगराच्या दोरावर डोळे लावून उभे राहिले. मागून येणाऱ्या नौकेने ओढून आणले म्हणून माणसे वाचली. हेड मात्र वाकले होते. ते सपाट करून घेण्याचा, गॅस्केटचा, पंपाचा आणि बुडालेल्या फेऱ्यांचा भार मालकावर पडला. या घटनेवर आपल्या कार्यालयाने काय कार्यवाही केली, हे विचारण्यास गेलेल्या आमच्या माणसाला कागद ‘वर’ गेल्याचे सांगण्यात आले. तो अद्याप खाली आलेला नाही.

आश्वासनांचा इतिहासही दप्तरी यावा म्हणून लिहितो. प्रथम सांगण्यात आले की १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीच्या काळात नौका वर ओढलेल्या असतात, तेव्हा मोकळ्या गोदीतून गाळ काढू. बंदी आली तेव्हा सांगण्यात आले की पावसात यंत्र चालत नाही. पावसाचा जोर ओसरला, नारळी पौर्णिमा झाली, नौका पाण्यात गेल्या. तेव्हा सांगण्यात आले की गोदीत नौका असल्याने यंत्राला जागा नाही. हे चक्र एकाहून अधिक वर्षे फिरले आहे. मध्यंतरी एकदा धक्क्याच्या कडेचा थोडा गाळ खरोखरच निघाला, त्याबद्दल आम्ही आभाराचे पत्रही दिले. परंतु तो उताराशेजारी काठावरच टाकून ठेवला गेला, आणि मृगाच्या पहिल्या सरींनी तो जेथून आला होता तेथे परत नेऊन पोहोचविला. त्या कामाचे बिल अदा झाले असल्याचे आम्ही ऐकतो.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, गोदीतील व तिच्यापासून खाडीच्या मुख्य प्रवाहापर्यंतच्या वाटेतील गाळ यंदा पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, उपसला जावा. उधाणाच्या ओहोटीलाही भरलेल्या नौकेच्या तळाखाली पाणी राहील इतकी खोली केली जावी. आणि काढलेला गाळ भरतीच्या रेषेपलीकडे, पावसाचे पाणी त्याला परत आणणार नाही अशा जागी टाकला जावा. यंत्राला जागा नाही ही सबब पुन्हा उद्भवू नये म्हणून आम्ही स्वतः होऊन लिहून देतो की, निम्मी गोदी एका वेळी आणि निम्मी दुसऱ्या वेळी आम्ही पूर्ण मोकळी करून देऊ व तेवढे दिवस पलीकडच्या तीरावर नांगरावर राहू. त्याने होणारी तोशीस आम्ही सोसू. कामापूर्वी आणि कामानंतर खोली मोजताना आमचे दोन तांडेल हजर असावेत, आणि मोजणीच्या कागदाची नक्कल आम्हांस मिळावी. दोरीला शिसे बांधून खोली मोजणे आम्हांसही येते.

दुसरी मागणी, अर्जाच्या समासातील तो शेरा रद्द व्हावा. तो रद्द करावयाचा नसेल, तर ज्याने तो लिहिला त्याने एका उधाणाच्या ओहोटीला आमच्या कोणत्याही नौकेच्या इंजीनखोलीत बसून, गाळणी, पंप आणि कूलर आपल्या हाताने उघडून, त्याखाली आपली कारणे लिहावीत. इंजीनखोली अरुंद आहे, पण एका माणसास जागा होते.

बाजाराचे गटार गोदीत न सोडता त्यास जाळी बसवावी. धक्क्यावर गोड्या पाण्याचा एक नळ द्यावा. पंख्यासारखे लहानसहान सुटे भाग येथेच मिळण्याची तजवीज झाल्यास बरे. धक्क्यावरील दिवे बंद आहेत.

या निवेदनाचे लेखी उत्तर मार्चअखेरपर्यंत मिळावे, ही विनंती. त्या मुदतीनंतर आलेले उत्तर, कितीही अनुकूल असले तरी, यंदाच्या पावसाळ्यापूर्वी गाळ काढण्यास निरुपयोगी ठरेल, हे आपणांस निराळे सांगावयास नको. मुदतीत उत्तर न आल्यास गोदीतून काढलेल्या प्रत्येक गाळणीतील गाळ त्या त्या दिवशी आपल्या कार्यालयात आणून जमा करण्याचे आणि त्याची पोच मागण्याचे आम्ही ठरविले आहे.

आपले नम्र,
बंदरातील यांत्रिक नौकांचे मालक, तांडेल व ड्रायव्हर यांच्या वतीने

सोबत : पूर्वीच्या अर्जांच्या व पोचपावत्यांच्या नकला, तुटलेले रबरी पंखे व पंपाचे चरे पडलेले एक झाकण (परत मिळावे).