बाटली अकलूजची, कौतुक इटलीचं

पुण्यात ऑफिसच्या पार्टीत एकानं रेड वाईनचा घोट घेतला आणि म्हणाला, "इटालियन ब्लेंड, लगेच कळतं." मी सांगितलं, ही अकलूजची आहे, आमच्या सोलापूर जिल्ह्यातली. तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतोय.

ती फ्रातेल्लीची 'सेत्ते' होती. तिच्यात दोन द्राक्षं असतात, सँजोवेसे आणि कॅबरनेट सोव्हिन्यों. सँजोवेसे हे टस्कनीच्या कियांती वाईनचं मुख्य द्राक्ष. ही कंपनी उभी करणाऱ्यांत सेक्ची हे इटालियन भाऊ होते, तसे अकलूजचे मोहिते-पाटीलही होते. वाईनमेकर पिएरो मासी टस्कनीचे. कसब तिकडून आलं, हे मान्यच. पण वेल वाढले ते माळशिरस तालुक्याच्या उन्हात.

"मग इटालियन म्हटलं तर बिघडलं कुठं?"

इटलीतच बघा. १९६७ च्या नियमांनुसार कियांतीच्या रेड वाईनमध्ये पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. आंतिनोरी घराण्यानं १९७१ मध्ये आपल्या एका वाईनवरून कियांतीचं नावच काढलं. पुढं पांढरी द्राक्षं गेली आणि सँजोवेसेच्या जोडीला कॅबरनेट आलं, म्हणजे सेत्तेचीच जोडी. कागदोपत्री ती साधी 'टेबल वाईन' ठरली. पण नाव काय दिलं? तिन्यानेल्लो. ते त्यांच्या द्राक्षमळ्याचं नाव आहे. फ्रेंच द्राक्ष घेतलं म्हणून त्यांनी वाईनला फ्रेंच म्हटलं नाही.

आपण कोड फोर्क करतो तेव्हा मूळ लेखकाला क्रेडिट देतो, पण आपलं काम त्याच्या नावावर खपवत नाही. आपल्या जिल्ह्याला हे नवीनही नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवड करून नवा वाण काढला आणि नाव ठेवलं 'सोनाका'. त्याला कुणी परदेशी म्हणत नाही. सोलापुरी चादर तर जगभर गावाच्या नावानंच ओळखली जाते. वाईनची वेळ आली की मात्र आपली जीभ अडखळते.

दोष कंपनीपेक्षा पिणाऱ्यांचा जास्त आहे. इटालियन म्हटलं की आपला भाव वधारतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ज्याचं नाव, त्याचाच भाव. शेजारी 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे, कारण तिथं नाव घ्यायची लाज कुणाला वाटली नाही.

मी कुणाला प्या म्हणत नाही. पण पिणारच असाल, तर पुढच्या वेळी वेटरला एवढंच विचारा, "अकलूजची रेड आहे का?"