कोपऱ्यातली तारीख

आजचा विषय वाचून नेहमीचे वाचक बुचकळ्यात पडतील. कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटरच्या पडद्यावर जी चित्रे असतात, त्यांच्याबद्दल लिहायचे आहे. "मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तराला यातले काय कळते?" असे आमच्या सौ.नीच विचारले. यंत्रातले मला काही कळत नाही, हे खरेच. पण चित्र, नकाशा, आकृती आणि शब्द यांच्याशी माझा पस्तीस वर्षांचा संबंध आहे. शिवाय आमचे जावईबापू विदर्भातल्याच एका मोठ्या कारखान्यात (नाव लिहीत नाही) याच कामावर आहेत आणि दर सणाला मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडतो.

साकोलीहून फार लांब जायला नको. तिरोड्याला ६६० मेगावॅटचे ५ संच आहेत. मौद्याला, कोराडीला वीज केंद्रे आहेत, वरठीला पोलादाचा कारखाना आहे. आपल्याला रस्त्यावरून चिमण्या तेवढ्या दिसतात. आत मात्र एका थंडगार खोलीत चार-सहा माणसे पडद्यांसमोर बसून सगळा कारभार हाकत असतात. बॉयलर, पंप, टाकी, व्हॉल्व्ह यांपैकी एकही वस्तू त्यांना प्रत्यक्ष दिसत नाही. त्यांना दिसते ते चित्र. त्याला ते लोक 'मिमिक' म्हणतात. पूर्वी हे मिमिक भिंतीएवढ्या पत्र्याच्या पॅनलवर रंगवलेले असे, त्यात दिवे आणि काटे बसवलेले असत. ते एकच होते, त्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना तेच दिसे. कॉम्प्युटर आले, प्रत्येकाच्या टेबलावर वेगळा पडदा आला, आणि एका चित्राच्या पाच-दहा प्रती झाल्या.

प्रती झाल्या की काय होते ते शिक्षकाला सांगायला नको! जावईबापूंच्या कारखान्यात पाच ऑपरेटर स्टेशन. चित्रात बदल करायचा तो इंजिनिअरच्या वेगळ्या मशीनवर, आणि मग तो पाचही ठिकाणी पाठवायचा. एकदा पाण्याच्या लाइनवर नवा बायपास व्हॉल्व्ह बसवला आणि चित्र सुधारून पाठवले. त्या वेळी चौथे स्टेशन दुरुस्तीसाठी बंद होते. दोन दिवसांनी ते सुरू झाले, ते जुनेच चित्र घेऊन. रात्रपाळीचा पोरगा नेमका तिथे बसला. टाकीची पातळी घसरत होती, त्याच्या चित्रातले सगळे व्हॉल्व्ह बंद दिसत होते आणि पाणी जाते कुठे ते कळेना. शेजारच्या पडद्यावर नवा व्हॉल्व्ह उघडा दिसत होता! पण शेजारचा माणूस दुसऱ्याच कामात. वीस मिनिटे गेली, शेवटी फील्डमधल्या माणसाने टॉर्च घेऊन जाऊन तो हाताने बंद केला. नुकसान काही झाले नाही. चौकशीत मात्र "ऑपरेटरने लक्ष दिले नाही" असा शेरा आला. मला हा शेरा अजिबात पटलेला नाही. आपण पोराच्या हाती जुने पुस्तक द्यायचे, नव्या पुस्तकातला प्रश्न विचारायचा आणि नापास म्हणून त्याला उभे करायचे, यातला हा प्रकार झाला.

जगात याहून फार मोठ्या घटना झाल्या आहेत. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी एक व्हॉल्व्ह उघडा अडकून राहिला. पॅनलवरचा दिवा मात्र तो बंद असल्यासारखे दाखवत होता, कारण तो दिवा "बंद हो असा हुकूम दिला" एवढेच सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, ते त्याला ठाऊकच नव्हते. वर्गात "गप्प बसा" म्हटले म्हणजे वर्ग गप्प झाला असे समजणाऱ्या नव्या मास्तरासारखे. दुसरी घटना टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातली, २३ मार्च २००५ ची. एका उंच मनोऱ्यात तेल जात राहिले, बाहेर जवळजवळ काहीच येत नव्हते. आत किती जाते हे एका पडद्यावर आणि बाहेर किती येते हे दुसऱ्या पडद्यावर होते. वजाबाकी कोणी करून दाखवत नव्हते, आणि पातळीचा मापकही चुकीचे सांगत होता. स्फोटात १५ माणसे गेली. कारणे अनेक होती, पण दोन आकडे शेजारी नव्हते हे त्यातले एक, असे तिथल्या सरकारी चौकशी मंडळाने लिहून ठेवले आहे.

म्हणून माझे मत असे की, या चित्रांना पाठ्यपुस्तकाचा मान द्यायला हवा. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर सारखे पुस्तक मिळू लागले. त्या पुस्तकाच्या आतल्या पानावर आवृत्ती आणि वर्ष छापलेले असते. कोणाचे पुस्तक जुने हे वर्गात अर्ध्या मिनिटात कळे. तसेच प्रत्येक मिमिकच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख का नसावी? पाळी बदलताना येणाऱ्याने लॉगबुकमध्ये सही करतो तशी ती तारीखही पाहावी. मूळ प्रत एकाच ठिकाणी असावी आणि बाकीच्या स्टेशनांनी सुरू होताना तिथूनच ताजे चित्र उचलावे. यावर जावईबापू म्हणाले, "मामाजी, नेटवर्क तुटलं तर मग काय पाहायचं?" बरोबर आहे. म्हणून प्रत्येकाजवळ स्वतःची प्रतही हवी, पण ती मुळाशी जुळत नसेल तर तिने तसे ओरडून सांगितले पाहिजे. आणि चित्र बदलायचा अधिकार ज्याला त्याला नको. कोणी बदलले, का बदलले, आधीचे कसे होते, हे जपून ठेवायला हवे. फेरफाराची नोंद नसलेल्या सातबाऱ्यावर आपण विश्वास ठेवतो का?

जुने ऑपरेटर याला कुरकुरतात म्हणे. प्रत्येकाला आपल्या सोयीचा पडदा हवा असतो. कोणती खिडकी डावीकडे आणि कोणती उजवीकडे, हे ज्याचे त्याने ठरवावे, माझी हरकत नाही. पण चिन्हांचा अर्थ माणसागणिक बदलता कामा नये.

रंगांचा घोळ तर मला फारच मजेदार वाटला. आपल्याकडे वीज केंद्रांत पुष्कळ ठिकाणी लाल म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद! लाल म्हणजे वीज खेळते आहे, हात लावू नका, हा त्यामागचा विचार. रसायनाच्या कारखान्यांत बहुधा हिरवा म्हणजे चालू. तिकडून इकडे नोकरी बदलून आलेल्या माणसाचे पहिले आठ दिवस कसे जात असतील, देव जाणे. त्यातून लाल-हिरवा न ओळखता येणारे पुरुष काही थोडे नसतात. माझ्या वर्गातच एक होता, तो नकाशात जंगल आणि डोंगर एकाच रंगाने रंगवायचा. आता नवीन पद्धतीत पडदा फिकट करडा ठेवतात, सगळे ठीक असेल तर रंग दिसतच नाही, आणि बिघाड झाला तिथेच तो उमटतो. हे मला लगेच पटले. आम्ही लाल शाई चुकांपुरतीच वापरायचो. सगळी वहीच लाल केली तर पोराने काय पाहायचे?

भाषेबद्दल एक लिहितो आणि थांबतो. व्हॉल्व्हचा क्रमांक पडद्यावर आणि जागेवरच्या पितळी पट्टीवर अगदी तोच हवा, त्याचे भाषांतर नको. पण "पंप थांबण्यापूर्वी अमुक करा" अशी सूचना मराठीत किंवा हिंदीत द्यायला काय हरकत आहे? तिथे बसणारी बरीच पोरे आपल्याच भागातली, आयटीआय शिकलेली असतात. रात्री तीन वाजता माणूस आपल्या भाषेत लवकर जागा होतो, असे मला वाटते. जावईबापूंना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, बाहेरचा इंजिनिअर आला तर त्याला वाचता येणार नाही. मी म्हटले, दोन्ही भाषा ठेवा. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "मामाजी, मग पडद्यावर जागा कुठे उरते?"

गोसीखुर्दला ३३ दरवाजे आहेत आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यात काय केले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वरच्या धरणातून किती पाणी सुटले, पुलाखाली किती चढले, खाली किती सोडले, हे आकडे मध्य प्रदेशापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांपुढे एकाच वेळी, एकाच चित्रात आणि ते किती वाजताचे आहेत हे लिहून दिसायला हवेत. नदीकाठच्या माणसाला तर कारखान्यातल्या माणसाइतकी टॉर्च घेऊन जाण्याचीही सवड नसते.

नात्यातली दोन-तीन मुले पुण्याला आणि बडोद्याला अशा कामावर आहेत, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे चालू पंपाचा रंग कोणता, आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख असते का, तेवढे जरूर कळवा.