विश्लेषण : मेंदूचे नकाशे काढणारे हात वर्षभराच्या कंत्राटावर का?

फळमाशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याहूनही लहान असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा संपूर्ण नकाशा ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात १ लाख ३९ हजार २५५ चेतापेशी आणि त्यांच्यातील पाच कोटींहून अधिक जोडण्या आहेत. बातम्यांमध्ये श्रेय गेले ते प्रामुख्याने कृत्रिम बुद्धिमत्तेला. मात्र संगणकाने केलेल्या चुका माणसांनी एक-एक करून दुरुस्त केल्या आणि एकाच माणसाला ते काम करायचे असते, तर सुमारे ३३ वर्षे लागली असती. प्रयोगशाळांमध्ये अशी कामे बहुतांशी रिसर्च असिस्टंट आणि तंत्रज्ञ करतात. निधी आटला की सर्वांत आधी त्यांचीच खुर्ची हलते. असे का होते?

रिसर्च असिस्टंट म्हणजे नेमके कोण?

मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेचे नेतृत्व एक प्राध्यापक करतो. त्याच्या हाताखाली पोस्टडॉक आणि पीएचडीचे विद्यार्थी असतात. यांच्याबरोबरीने प्रत्यक्ष प्रयोगाची घडी बसवणारा पदवीधर किंवा पदव्युत्तर तरुण म्हणजे रिसर्च असिस्टंट. अमेरिकेत पदवीनंतर दोन-एक वर्षे हे काम करून पीएचडीला अर्ज करण्याची पद्धत रूढ आहे.

भारतात हीच कामे ‘प्रोजेक्ट असिस्टंट’, ‘प्रोजेक्ट असोसिएट’ किंवा ‘ज्युनियर रिसर्च फेलो’ (जेआरएफ) अशा नावांच्या जागांवर चालतात. जाहिरात वाचताना इथे अनेकांचा गोंधळ होतो. कारण आपल्याकडे सरकारी कागदपत्रांत ‘आरए’ म्हणजे रिसर्च असोसिएट आणि त्या पदासाठी सहसा पीएचडी लागते.

दिवसभर काम काय असते?

सिनेमात दिसते तसे काही नसते. उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत दिवसाची सुरुवात पिंजऱ्यांच्या नोंदींपासून होते. उंदीर हा निशाचर प्राणी. त्यामुळे अनेक ठिकाणी खोलीतील दिवस-रात्र उलटी केलेली असते आणि वर्तनाचे प्रयोग मंद लाल प्रकाशात चालतात. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, म्हणजे तिचे कागदही सांभाळायचे.

त्यानंतर मेंदूचे केसाहून पातळ काप करणे, ते रंगवणे, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेणे, तासन्‌तासांचे व्हिडीओ तपासणे अशी कामे. काप फाटला तर तो परत मिळत नाही. अलीकडे यात कोडिंगची भर पडली आहे. ‘डीपलॅबकट’सारखी मोफत सॉफ्टवेअर व्हिडीओतील प्राण्याच्या हालचाली टिपतात, पण सुरुवातीला पंजा कुठे, शेपूट कुठे, हे माणसालाच दाखवावे लागते. म्हणूनच जीवशास्त्राबरोबर अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही या जागा खुल्या होऊ लागल्या आहेत.

आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय संच जगासाठी खुला केला. त्यात ५,१३२ काप आहेत. यातील प्रत्येक काप कोणाच्या तरी हातांखालून गेलेला आहे.

मग या कामाला स्थैर्य कधी होते का?

होते. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत १९५६ मध्ये आयलीन साउथगेट नावाची १६ वर्षांची मुलगी कनिष्ठ तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली. पुढे सिडनी ब्रेनर यांच्या गटाने एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीची संपूर्ण चेतासंस्था उलगडायचे ठरवले. त्यात चेतापेशी अवघ्या ३०२. पण काम हाताने करायचे होते. हजारो छायाचित्रांवर एकेक तंतू शोधून त्याला क्रमांक द्यायचा, पुढच्या छायाचित्रात तोच तंतू पुन्हा ओळखायचा. दशकाहून अधिक काळ चाललेले हे काम १९८६ मध्ये ३४० पानांच्या शोधनिबंधातून प्रसिद्ध झाले. चार लेखकांमध्ये साउथगेट यांचे नाव दुसरे होते.

त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, पण नोकरी टिकाऊ होती. हा नकाशा त्यामुळेच शक्य झाला. दहा वर्षांच्या कामावर दर वर्षी नवा माणूस बसवला असता, तर आधीच्याचा सरावलेला डोळा प्रत्येक वेळी वाया गेला असता.

आता नेमके काय बदलले?

आता बहुतेक पगार संस्थेकडून नव्हे, तर प्रकल्पाच्या अनुदानातून निघतात. अनुदान संपले की जागा संपते. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तिथे २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ने मेंदूविज्ञानाला मोठे बळ दिले. फळमाशीच्या नकाशालाही त्याचा हातभार होता. या उपक्रमाला २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर मिळाले होते. २०२४ मध्ये ते ४०.२ कोटी आणि २०२५ मध्ये ३२.१ कोटींवर आले. म्हणजे दोन वर्षांत निम्म्याहून कमी. यातील मोठा वाटा एका विशेष कायद्याने ठरावीक मुदतीसाठी दिलेला होता आणि तो टप्प्याटप्प्याने घटत गेला.

त्यातच फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील आरोग्य संशोधन संस्थेने विद्यापीठांना मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयाने ती रोखली, पण अनिश्चितता कायम राहिली. अशा वेळी प्राध्यापकाची कायम नोकरी सुरक्षित राहते आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याला सहसा विभाग सांभाळून घेतो. असिस्टंटचा करार मात्र नूतनीकरणालाच येत नाही.

पुणे-मुंबईतून तिथे शिकायला गेलेल्यांना याची झळ थेट बसते. पदव्युत्तर शिक्षणानंतर मिळणाऱ्या तीन वर्षांपर्यंतच्या कामाच्या परवानगीत प्रयोगशाळेतील जागा हा पीएचडीकडे नेणारा पूल असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील नव्या एच-१बी कर्मचाऱ्यांसाठी एक लाख डॉलर शुल्क जाहीर झाल्याने पुढचा रस्ताही अरुंद झाला.

भारतात चित्र काय आहे?

कामाच्या संधी आहेत. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयसर, बेंगळूरुच्या एनसीबीएस, आयआयएस्सी आणि निमहान्स, हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा ठिकाणी मेंदूवर संशोधन चालते. टीआयएफआरच्या डॉ. विदिता वैद्य यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला तो याच क्षेत्रातील कामासाठी.

मानधनाचा प्रश्न मात्र दर काही वर्षांनी रस्त्यावर येतो. २०१९ मध्ये देशभरातील संशोधकांच्या आंदोलनाच्या काळात जेआरएफ २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाली. पुढची वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. तेव्हापासून जेआरएफ ३७ हजार, एसआरएफ ४२ हजार रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. नेट किंवा गेट नसेल, तर प्रकल्पातील जागेवर यापेक्षा कमी रक्कम मिळते. ‘नेमणूक पूर्णतः तात्पुरती’ ही ओळ तर जाहिरातीत ठरलेलीच. त्यात पैसे उशिरा आले, तर बाहेरगावाहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरूनच पैसे मागवावे लागतात. ज्याच्या घरून ते येऊ शकत नाहीत, तो हे क्षेत्र सोडतो.

जागा स्वीकारण्यापूर्वी काय विचारावे?

अनुदान कोणत्या महिन्यापर्यंत आहे? मानधन थेट संस्थेकडून येते की प्रकल्पाचा हप्ता आल्यावर? शोधनिबंधात असिस्टंटचे नाव कोणत्या कामासाठी लागते? आधीचे असिस्टंट आज कुठे आहेत? मुलाखतीत हे विचारणे उद्धटपणा नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्राध्यापकाबरोबरच त्या माजी असिस्टंटकडूनही घ्यावे.

पुढे काय?

फळमाशीनंतर संशोधकांना उंदराचा संपूर्ण मेंदू हवा आहे. त्यात सुमारे सात कोटी चेतापेशी असतात, म्हणजे फळमाशीच्या सुमारे पाचशे पट. संगणक वेगवान होतील, चुकाही कमी करतील. तरी संगणक कुठे चुकला हे ओळखणारा तयार डोळा लागेलच आणि तो तयार व्हायला काही वर्षे जातात. प्रयोगशाळांसाठी प्रकल्पाबाहेरच्या, टिकाऊ तंत्रज्ञ-पदांचा विचार झाला नाही, तर यंत्रे कोट्यवधींची असतील आणि ती चालवायला शिकलेला माणूस करार संपून निघून गेलेला असेल.