शपथा मोजल्या, माणसे कोण मोजणार?

पिंपरीच्या औद्योगिक जीवनाचा आरंभ मोटारींच्या कारखान्यांपासून झाला, असा आज अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ यांच्या साह्याने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना येथे स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. टेल्को, बजाज ही नावे त्यानंतरची. ज्या गावाची देशाला पहिली ओळख जीव वाचविणाऱ्या औषधामुळे झाली, त्याच गावाला आज औषधाच्या गैरवापराची चिंता वाहावी लागावी, हा काळाचा विचित्र न्याय होय.

येथे प्रश्न चोरट्या कारखान्यांत तयार होणाऱ्या विषारी द्रव्यांचा नाही. तो आहे परवानाधारक कारखान्यांत तयार होणाऱ्या, परवानाधारक दुकानांत मिळणाऱ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांचा. ट्रामाडोल आणि टॅपेंटाडोल यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, अल्प्राझोलॅम व नायट्राझेपॅम यांसारख्या झोपेच्या वा मनःशांतीच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध ही सारी योग्य रुग्णाला वरदान आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला, तर तो सावरण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते मेफेंटरमाइनचे इंजेक्शनही तसेच. मात्र हेच इंजेक्शन अलीकडच्या वर्षांत व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांना चोरून विकणाऱ्यांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी एकाहून अधिक वेळा पकडले आहे. वेदनाशामक अफूजन्य गोळी, झोपेची गोळी आणि मद्य ही तिन्ही एकत्र आली, की श्वास मंदावतो आणि थांबतो. भाड्याच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांपैकी एखादा असा निपचित पडला, तर रात्रपाळी करून आला आहे, झोपू द्या, असेच सोबत्यांना वाटणार. तो उठत नाही, हे ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

ही भीती अनाठायी नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१८ साली राष्ट्रव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १.१४ टक्के लोक हेरॉइन घेतात, तर ०.९६ टक्के लोक औषधी स्वरूपातील अफूजन्य पदार्थ नशेसाठी घेतात, असा तिचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्या हेरॉइनच्या नावाने समाज दचकतो, त्याच्या जवळजवळ बरोबरीने दुकानातील औषध उभे आहे. झोपेच्या व शामक गोळ्या वैद्यकीय कारणावाचून घेणारे देशात सुमारे १ कोटी १८ लक्ष आढळले, आणि अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत उपचाराची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लक्ष निघाली. हे अंदाज देशाचे आणि राज्यांचे आहेत. जिल्ह्याचा किंवा शहराचा अंदाज त्या पाहणीत नाही.

खर्चाचा हिशेब आणि फळाचा हिशेब

सरकार स्वस्थ बसले आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राने २०११ साली व्यसनमुक्तीचे धोरण जाहीर केले. केंद्राने मागणी घटविण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आखला. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले आणि पुढे ते देशभर नेण्यात आले. व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान मिळते, १४४४६ हा मदतीचा दूरध्वनी आहे. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु हा पैसा जनतेचा आहे, आणि जनतेच्या पैशाला फळ किती आले हे विचारणे, हा त्या कार्याचा अवमान नव्हे.

या प्रश्नाचे उत्तर आज ज्या भाषेत दिले जाते, ती भाषाच सदोष आहे. अभियानाचा संदेश कोट्यवधी नागरिकांपर्यंत पोहोचला, इतक्या विद्यार्थ्यांनी शपथ घेतली, इतक्या फेऱ्या निघाल्या, इतकी पथनाट्ये झाली, हे आकडे अहवालांत ठळकपणे असतात. शपथ घेणाऱ्यांची संख्या ही खर्चाची पावती झाली. त्या शपथेने कोणाचा जीव वाचला, हे त्या पावतीवरून समजत नाही. उपचारकेंद्रात किती जण दाखल झाले, एवढे सांगूनही भागत नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले. व्यसनी माणसाची खरी परीक्षा केंद्रातून घरी परतल्यानंतर सुरू होते, हे तेव्हापासूनच्या अनुभवाने महाराष्ट्राला शिकविले आहे. सहा महिन्यांनी, वर्षाने तो माणूस कसा आहे, हे विचारल्यावाचून अनुदानाचे मोल ठरविता येत नाही.

पोलिसांच्या कारवाईलाही हेच लागू पडते. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडले गेले आणि ते प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजले. अशी कारवाई आवश्यकच आहे. तथापि जप्तीचे वजन करता येते, किंमत काढता येते, म्हणून ती दिसते. चिठ्ठीवाचून विकली गेलेली दहा गोळ्यांची पट्टी कोणाच्याही तराजूत पडत नाही.

मृत्यू कोठे हरवतो

कार्यक्रमाचा हेतू जर अतिमात्रेने होणारे मृत्यू टाळणे हा असेल, तर ते मृत्यू मोजणे ही पहिली पायरी ठरते. नेमकी तीच पायरी आपल्याकडे निसटते. बेशुद्ध तरुणाला रुग्णालयात आणले जाते. केसपेपरवर विषबाधा किंवा बेशुद्धावस्था असे लिहिले जाते. तो दगावला, तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, शवविच्छेदन होते, व्हिसेरा राखून ठेवला जातो आणि मृत्यूच्या कारणाचा अभिप्रायही राखून ठेवला जातो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केव्हातरी येतो तो पोलिसांच्या फायलीत. रुग्णालयाच्या नोंदवहीकडे किंवा आरोग्य खात्याच्या मृत्यूनोंदीकडे तो परत वळत नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणन झाले होते. ७७ लक्ष लोकांना उपचारांची गरज असलेल्या देशात अतिमात्रेचे मृत्यू सरकारी दप्तरी वर्षाला केवळ शेकड्यांत सापडतात, याचे कारण या वाटेवरच शोधावे लागेल.

या पट्ट्यात तर सीमांची गुंतागुंत आणखी आहे. २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत चाकणही येते. परंतु आरोग्याच्या दृष्टीने पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे आणि चाकण खेड तालुक्याच्या यंत्रणेकडे. विमाधारक कामगार कामगार राज्य विमा योजनेकडे, तर औषधांची दुकाने अन्न व औषध प्रशासनाकडे. पिंपरीत राहणारा, चाकणला काम करणारा आणि भोसरीच्या दुकानातून गोळ्या घेणारा कामगार या साऱ्यांचा असतो आणि म्हणून कोणाचाच नसतो.

नोंदवही आहे, वाचक नाही

देखरेखीचे साधन आपल्याजवळ नाही असे मात्र नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत ‘एच १’ ही अनुसूची २०१३ साली समाविष्ट झाली आणि १ मार्च २०१४ पासून ती अंमलात आली. ट्रामाडोल, कोडीन, अल्प्राझोलॅम अशी औषधे तिच्यात आहेत. ती देताना चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवावी आणि ती तीन वर्षे जपावी, असा दंडक आहे. ट्रामाडोल तर २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. परंतु घाऊक विक्रेत्याकडून दुकानात आलेल्या गोळ्या आणि या वहीत नोंदलेल्या गोळ्या यांचा मेळ कोणी घालत नसेल, तर ती वही म्हणजे केवळ कागदच. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ साली दर २०० विक्रीपरवान्यांमागे एक औषध निरीक्षक असावा, असे सुचविले होते. त्या प्रमाणात आपल्या विभागात किती निरीक्षक आहेत, हे सांगण्याची जबाबदारी शासनाची आहे.

नोंदी असून त्या न वाचण्याची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने अन्न व औषध प्रशासनाच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. कायद्यात तपासणीची तरतूद तेव्हाही होती. तपासणी करणाऱ्यांचे डोळे मात्र मिटलेले होते.

चुकीचे माप घेतल्याचा परिणाम

केवळ अधिक मोजून भागेल काय? अमेरिकेचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथे राज्याराज्यांनी चिठ्ठ्यांची संगणकीय देखरेख उभारली, तिला सरकारी निधी मिळाला. अफूजन्य वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या २०१२ नंतर सातत्याने घटल्या. चिठ्ठ्यांची संख्या हेच यशाचे माप धरले असते, तर तो कार्यक्रम अभिनंदनास पात्र होता. पण त्याच काळात अतिमात्रेचे मृत्यू २०१२ मधील सुमारे ४१,५०० वरून २०२१ मध्ये १ लक्ष ६ हजारांवर गेले. अनेक व्यसनी रुग्ण औषधाकडून हेरॉइनकडे वळले आणि पुढे चोरट्या फेंटानिलने बाजार व्यापला. दुकानाचे दार बंद झाले, पण उपचाराचे दार त्याच वेगाने उघडले गेले नाही.

दुसरा धोका आपल्या घरचाच आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळापायी रुग्णालयांतील मॉर्फिनचा वापर कैक पटींनी घसरला आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेत तळमळत गेले. ही चूक दुरुस्त करण्यासाठी कायद्यात बदल व्हायला २०१४ साल उजाडले. देखरेख म्हणजे प्रत्येक वेदनाग्रस्ताकडे संशयाने पाहणे, असा अर्थ पुन्हा होता कामा नये. कामगाराच्या व्यसनाची माहिती त्याच्या मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या टेबलावर जाणार असेल, तर तो उपचाराला येणारच नाही. उपचारासाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार विशिष्ट मर्यादेत संरक्षण आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो. देखरेखीची रचना या दोन तरतुदींच्या चौकटीतच व्हावयास हवी. मोजावयाच्या त्या घटना. व्यक्तींची नावे जाहीर करण्याचे कारण नाही.

पाच आकडे

मागणी मोठी नाही. महापालिका आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांनी मिळून दर सहा महिन्यांनी पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यापुरते पाच आकडे जाहीर करावेत. पहिला, यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि कामगार विमा रुग्णालय येथे औषधांच्या अतिमात्रेमुळे आलेले रुग्ण व त्यांपैकी दगावलेले. दुसरा, व्हिसेरा अहवाल आल्यानंतर औषधाने झाल्याचे निश्चित ठरलेले मृत्यू. तिसरा, ‘एच १’ नोंदवही आणि घाऊक खरेदी यांचा मेळ घालून तपासलेली दुकाने व त्यांत आढळलेली तफावत. चौथा, अनुदानित केंद्रांतून घरी गेलेल्यांपैकी सहा महिन्यांनी व वर्षाने संपर्कात असलेले रुग्ण. आणि पाचवा, नॅलॉक्सोन हाताशी असलेली रुग्णालये व रुग्णवाहिका. अफूजन्य औषधाने मंदावलेला श्वास हे औषध पूर्ववत करू शकते. ते देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जवळच्या माणसांच्या हातीही ते असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच केली आहे. रात्री दोन वाजता ते चाकणला मिळते की नाही, हा प्रश्न शंभर पथनाट्यांहून महत्त्वाचा आहे.

मनुष्यबळ अपुरे आहे, असे उत्तर यावर येईल. ते खरेही असेल. परंतु यांपैकी बहुतेक माहिती कोणत्या ना कोणत्या वहीत आजही लिहिली जाते. त्या वह्या एका टेबलावर आणण्यासाठी नवे खाते नको. पहिल्या वर्षी आकडे वाढलेले दिसतील, हेही आधीच समजून घेतले पाहिजे. मोजणी सुरू झाली, की लपलेले दिसू लागते. तेव्हा त्या वाढीसाठी अधिकाऱ्याला दोषी धरले, तर दुसऱ्या वर्षी आकडे कमी होतील, मृत्यू मात्र होणार नाहीत.

या पट्ट्यातील कारखान्यांत एखादा सुटा भाग सदोष निघाला, तर तो कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रावर तयार झाला, याचा माग काही तासांत लावला जातो. तो भाग घडविणारा कामगार एखाद्या पहाटे भाड्याच्या खोलीत निपचित सापडला, तर त्याच्या मृत्यूचा माग मात्र फायलींत हरवतो. यंत्राच्या भागासाठी जी दक्षता आपण सहज घेतो, ती माणसासाठी घेण्याची तयारी आहे किंवा नाही, हे शासनाने सांगावे. ते सांगितले गेले नाही, तर दरवर्षी शपथ देणाऱ्यांना त्या शपथेचा हिशेब विचारणे, हे आपणा नागरिकांचे कर्तव्य ठरते.